लकव्याआधीची वीस वर्षे

स्टेम सेलचा विषय निघाला की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडी हमखास एक प्रश्न येतो : ‘मोठ्या शहरांत मिळते म्हणे, आपल्याकडे कधी येणार?’ प्रश्नात तक्रार आहे आणि ती रास्तही आहे. या दोन जिल्ह्यांकडे रस्ता, वीज, डॉक्टर सगळेच उशिरा आले. त्यामुळे जगात नवे काही निघाले की ते फक्त आपल्यालाच मिळत नसणार, असा ग्रह होतो. लकव्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न उथळ आहे. जे अजून कुठेच सिद्ध झालेले नाही, ते आपल्याकडे पोहोचले नाही म्हणून आपण हळहळतो. आणि जे सिद्ध होऊन जुने झाले, ते गावात आहे की नाही याची चौकशीही करत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. लकवा झाल्यावर शरीरात स्टेम सेल सोडणे हा आजच्या घडीला उपचार नाही. तो एक प्रयोग आहे, आणि त्याच्या ज्या चाचण्या नीट तुलना करून झाल्या त्यांतल्या प्रमुख चाचण्यांचे निकाल निराशाजनक आहेत. तरीही लोकांना त्याची ओढ वाटते, कारण लकवा झालेल्या घराला आरोग्यव्यवस्था एकटे सोडते आणि मग दारात जो येईल त्याच्यावर विश्वास टाकावा लागतो. या जिल्ह्यांतल्या लकव्याचा इलाज झटक्याच्या आधीच्या वीस वर्षांत आहे. आणि स्टेम सेलचा एक सिद्ध झालेला उपयोग याच जिल्ह्यांना फार जवळून लागू पडतो, त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

१. गडचिरोली कशाने मरते

गडचिरोली म्हटले की बाहेरच्याला मलेरिया, साप, कुपोषण आणि बंदूक आठवते. लकवा, मधुमेह, हृदयविकार ही शहरातल्या बसून खाणाऱ्यांची दुखणी, असे आपण धरून चालतो. १९८६ पासून जिल्ह्यात काम करणाऱ्या ‘सर्च’ या संस्थेने हे गृहीतक मोजून पाहिले. न्यूरॉलॉजिस्ट डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांत, ९४,१५४ लोकसंख्येत, दोन वर्षांतला प्रत्येक मृत्यू नोंदवला. मृत्यू झालेल्या घरी जायचे, नातेवाइकांना शेवटच्या आजाराची लक्षणे विचारायची आणि त्यावरून डॉक्टरांनी कारण ठरवायचे, अशी ही पद्धत. एकूण मृत्यू निघाले १,५९९. त्यांतले २२९, म्हणजे १४.३ टक्के, लकव्याचे. सगळ्या कारणांत पहिला क्रमांक. २०१५ साली ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्यातले आणखी दोन आकडे जास्त बोलके आहेत. लकव्याने गेलेल्यांपैकी ८७.३ टक्के माणसे घरीच गेली. आणि झटक्यानंतर पहिल्या महिन्यात गेलेल्यांचे प्रमाण होते ४६.३ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसे महिनाभर तगली, त्यानंतर गेली. अशा मरणाची कारणे वैद्यकाला ठाऊक आहेत : गिळता येत नसताना भरवलेली पेज श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो, कूस न बदलल्याने पाठीला, माकडहाडाला व्रण पडून ते चिघळतात, किंवा दुसरा झटका येतो, कारण पहिल्यानंतरही बीपीची गोळी कोणी सुरू केलेली नसते. यांतल्या एकाही कारणावर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी हा तोडगा नाही.

चंद्रपूर वेगळे आहे, असे कोणी म्हणेल. तिथे खाणी आहेत, वीजकेंद्र आहे, २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता, आणि कोरपना-जिवतीच्या पहाडावरच्या पाड्याला चंद्रपूर शहर जवळ आहे ते नकाशावर.

२. कल्पना मोहक का वाटते

मेंदूचा एक भाग मेला, तिथे नव्या पेशी सोडल्या, त्या रुजल्या, हात पुन्हा हलू लागला. हे कोणालाही चटकन पटते, कारण आपण मेंदूला सुट्या भागांचे यंत्र समजतो : पार्ट गेला, पार्ट बदला. पण मेंदूतली एक पेशी हजारो इतर पेशींशी जोडलेली असते, आणि त्या जोडण्या आयुष्यभराच्या वापरातून घडलेल्या असतात. नवी पेशी आणून सोडल्याने त्या जोडण्या येत नाहीत.

संशोधकांना हे लवकरच कळले. शिरेतून दिलेल्या अस्थिमज्जेच्या पेशींपैकी बहुतेक फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांतच अडकतात, मेंदूपर्यंत फारच थोड्या जातात. मग सिद्धांत बदलला. या पेशी मेलेल्या पेशींची जागा घेत नाहीत, त्या काही रसायने सोडतात, दाह कमी करतात आणि मेंदूच्या स्वतःच्या दुरुस्तीला हातभार लावतात, असे म्हणणे पुढे आले. हे खरे असू शकते. विज्ञानात सिद्धांत बदलणे काही गैर नाही. गैर हे, की दवाखान्याच्या जाहिरातीत अजून जुनाच सिद्धांत चालतो. तिथे ‘नव्या पेशी मेंदू पुन्हा घडवतात’ असे रंगीत चित्रच असते, कारण ‘दाह कमी करू शकणारी रसायने कदाचित थोडी मदत करतील’ या वाक्यावर कोणी शेत विकत नाही.

३. चाचण्यांचा हिशेब

या विषयावरची एक महत्त्वाची चाचणी आपल्याच देशात झाली, आणि ती बहुतेकांना माहीतच नाही. दिल्लीच्या एम्सचे डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पाच केंद्रांत, लकव्याच्या १२० रुग्णांवर, केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशाने ती पार पडली. चिठ्ठ्या टाकाव्या तसे रुग्णांचे दोन गट केले. एका गटाच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढून त्यातल्या सरासरी २८ कोटी पेशी शिरेतून परत दिल्या. दुसऱ्याला नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी रोजची कामे स्वतः करण्याची क्षमता बार्थेल निर्देशांकाने मोजली. पेशी मिळालेल्यांचा आकडा ६३.१. न मिळालेल्यांचा ६३.६. २०१४ साली निकाल छापला गेला : उपचार सुरक्षित, फायदा नाही.

बाहेरच्या जगातही तीच गत. अमेरिकेतल्या एका कंपनीने दात्याच्या अस्थिमज्जेपासून तयार केलेल्या पेशींची चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आली. ९० दिवसांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. मग आकडे पुन्हा चाळून असे काढले गेले, की ३६ तासांच्या आत पेशी दिलेल्यांत थोडा फायदा दिसतो. मागाहून सुचलेली ही शक्यता तपासायला जपानमध्ये २०६ रुग्णांवर नवी चाचणी झाली. २०२४ मध्ये तिचा निकाल आला आणि मुख्य निकषावर तोही शून्य. त्याच वर्षी जानेवारीत त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. स्टॅनफर्डला कवटीला भोक पाडून मेंदूतच पेशी सोडण्याचा प्रयोग १८ रुग्णांवर झाला. तुलनेला दुसरा गट नव्हता. २०१६ साली त्याच्या बातम्या जगभर झळकल्या. पुढची मोठी, तुलना असलेली चाचणी २०१९ मध्ये मुख्य निकषावर नापास झाली. तिची बातमी आपल्याकडच्या किती वाचकांनी वाचली असेल?

या सगळ्यात एक साचा आहे. तुलनेचा गट नसतो तिथे चमत्कार दिसतो; तुलनेचा गट आला की तो विरतो.

४. सुधारणा कोणाच्या खात्यावर

असे का होते हे समजले तर निम्मा गोंधळ मिटेल. लकव्यानंतर पहिल्या आठवड्यात हात लुळा लोंबतो. मग कधीतरी खांदा किंचित उचलला जातो, बोट हलते, धरून उभे राहता येते, जिभेवर दोन शब्द येतात. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांत ही सुधारणा आपोआप होते, आणि तिचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत उरकतो. त्या तीन महिन्यांत जो कोणी जे काही करेल, त्याच्या खात्यावर ती जमा होते.

आपल्याकडे त्या तीन महिन्यांत काय काय होते? पुजाऱ्याकडे नेतात. जडीबुटीचे तेल चोळतात. कोणीतरी अमक्या गावच्या लकव्याच्या औषधाचे नाव सांगते. भाड्याची गाडी करून तिथे नेतात. ज्याच्याकडे चार पैसे आहेत तो नागपूर-हैदराबादचे दवाखाने पालथे घालतो. पुढे रुग्ण काठी टेकत अंगणात आला की गाव म्हणते, गुण आला. शहरातल्या स्टेम सेल केंद्राच्या भिंतीवरचे ‘आधी आणि नंतर’चे फोटो याच पुराव्यावर उभे असतात. तर्कशास्त्राच्या दृष्टीने तेलाचा दावा आणि पेशींचा दावा यांत काडीचाही फरक नाही. फरक आहे तो बिलात. पुजारी कोंबडे-नारळ घेतो, घरी येतो, रुग्णाशेजारी बसतो आणि त्याच्या बोलीत बोलतो. दुसरा लाखांत घेतो आणि ‘आणखी एक सायकल लागेल’ म्हणतो. अंधश्रद्धेवर भाषण द्यायचे तर ते जंगलात देण्याआधी शहरातल्या वातानुकूलित प्रतीक्षागृहात द्यायला हवे.

५. साडेचार तास आणि पर्लकोटा

मग वेळेत दवाखान्यात नेणे हेच उत्तर नाही का? ते उत्तर आहे, पण अपुरे. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. कारण शीर फुटून लकवा झाला असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल. गुठळी यंत्राने ओढून काढण्याचा उपचार २०१५ पासून जगभर मान्य झाला. तो आपल्या भागासाठी नागपूरसारख्या ठिकाणचा.

आता भामरागड तालुक्यातले एखादे गाव धरा. पहाटे माणूस उठताना कोसळतो. झटका झोपेत केव्हा आला ते माहीत नाही, म्हणजे घड्याळ कधी सुरू झाले तेच माहीत नाही. उजाडल्यावर शेजारी जमतात. बाजेला दांडा बांधून डांबरी रस्त्यापर्यंत. तिथून मिळेल त्या गाडीने भामरागड. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, गडचिरोलीहून नागपूर आणखी जवळपास तेवढेच. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्कच तुटतो. साडेचार तासांची चौकट या नकाशात बसत नाही. रस्ते, पूल, सीटी स्कॅन आणि ते वाचून सांगणारा दूरचा डॉक्टर यांची मागणी लावून धरायलाच हवी. चामोर्शी, आरमोरी, ब्रह्मपुरी, मूल, वरोरा इथल्या रुग्णाला त्याचा फायदा होईल. दुर्गम तालुक्यांत मात्र सगळे काही झाल्यावरही बहुतेक झटके वेळेबाहेरच राहतील. तिथे घड्याळाशी स्पर्धा जिंकायची तर ती झटक्याच्या पुष्कळ आधी सुरू करावी लागते.

६. वीस वर्षे कशी जातात

लकव्याच्या कारणांत उच्च रक्तदाब सगळ्यात मोठा. तो आदिवासी माणसाला होत नाही, ही आणखी एक भाबडी समजूत. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्यावरच्या राष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०१८ च्या अहवालात नमूद केले, की दर चार प्रौढ आदिवासींमागे एकाला उच्च रक्तदाब आहे, आणि १५ ते ५४ वयाच्या आदिवासी पुरुषांपैकी सुमारे ७२ टक्के तंबाखू वापरतात. आपल्याकडे तो तंबाखू मुख्यतः खर्ऱ्यातून जातो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचा आणि सकाळी चहाच्या आधी गालात धरायचा. दारू-तंबाखूविरोधात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ ही मोहीम गडचिरोलीत जे काम करते आहे त्याकडे लोक व्यसनमुक्ती म्हणून पाहतात. ते लकव्याविरुद्धचे काम आहे, असे मला वाटते.

वरचा रक्तदाब १० अंकांनी उतरला तर लकव्याचा धोका साधारण २७ टक्क्यांनी घटतो, असे २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबाने दाखवले. ते करणाऱ्या ॲम्लोडिपिनच्या गोळीची किंमत एका खर्ऱ्यापेक्षा कमी आहे. मग अडते कुठे?

अडते ते अगदी साध्या जागी. चाळिशीतला एक शेतकरी घ्या. आशाताईच्या आग्रहाने तो शिबिरात दंडाला पट्टा बांधून घेतो. १७० वर १०४ निघतो. ‘डोके दुखते का?’ नाही. ‘चक्कर?’ नाही. दिवसभर धानाच्या बांधीत वाकून काम करतो, त्याला आपण आजारी आहोत हे पटावे कसे? तरी तो गोळ्या नेतो, तीस दिवसांच्या. पुढच्या महिन्यात तो जोडीने तेलंगणात मिरची तोडायला जातो आणि तिथेच पाकीट संपते. परत येतो तर मोहफुले, मग तेंदूपत्ता. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन गोळी आणायची म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची, आणि गेल्यावर ‘स्टॉक नाही’ ऐकायचे. त्याला काहीच होत नाही. एक वर्ष, पाच वर्षे, बारा वर्षे. मग एका पहाटे उजवी बाजू जाते आणि घरचे म्हणतात, काल तर ठणठणीत होता.

म्हणून गोळी माहीत असणे आणि गोळी वीस वर्षे रोज पोटात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट घडवणे हे स्टेम सेलइतकेच अवघड संशोधन आहे, फक्त त्याला चकाकी नाही. मिरचीच्या हंगामाआधी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात का, बीपीचे यंत्र आशाताईच्या पिशवीत असावे का, गोळी गावातच मिळावी का, मापन रविवारच्या बाजारात व्हावे का, हे त्याचे प्रश्न. ‘सर्च’ने पुढे ६४ गावांत, गावातली आरोग्य कार्यकर्ती आणि गावात येणारा फिरता दवाखाना यांच्या जोडीने लकव्याचे मृत्यू कमी करता येतात का, असा प्रयोग हाती घेतला तो याच प्रश्नांसाठी. चीनमध्ये असे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे. ३२६ खेड्यांतल्या सुमारे ३४ हजार लोकांवरच्या चाचणीत, पूर्ण वैद्यकीय पदवी नसलेल्या गावच्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या औषधांचा पाठपुरावा केला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात लकवे सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. लकव्यावरच्या पेशींच्या कोणत्याही मोठ्या चाचणीच्या वाट्याला असा निकाल आलेला नाही.

आक्षेप

*‘गरिबाला गोळी आणि श्रीमंताला पेशी, हा कुठला न्याय?’* हा आक्षेप मनाला भिडतो, म्हणून त्याला आधी उत्तर देतो. विषमता खरी आहे, पण ती दुसरीकडे आहे. नागपूरच्या सधन माणसाला साडेचार तासांच्या आत सीटी स्कॅन आणि इंजेक्शन मिळते, पुढे महिनोन्महिने फिजिओथेरपिस्ट मिळतो, वाचा-उपचार मिळतो. धानोऱ्याच्या माणसाला यातले काहीच मिळत नाही. यासाठी भांडा. लकव्यावर स्टेम सेल विकत घेणारा श्रीमंत माणूस काही विशेष मिळवत नाही, तो फसवला जातो. फसवणुकीत समान वाटा मागणे ही सामाजिक न्यायाची मागणी होऊ शकत नाही.

*‘झाले तर झाले, जाणार काय?’* जमीन जाते, बैलजोडी जाते, मुलीच्या लग्नाचे पैसे जातात. तेवढ्या पैशात वर्षभर ठेवता आला असता तो फिजिओथेरपिस्ट जातो. आणि शरीरालाही धोका असतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०१६ साली ६६ वर्षांच्या एका अमेरिकी गृहस्थाची हकिगत छापली. लकव्यावर इलाज म्हणून त्यांनी चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिकोत जाऊन पैसे देऊन पेशी टोचून घेतल्या होत्या. त्यांच्या मणक्यात एक गाठ वाढली, आणि तपासणीत दिसले, की तिच्यातल्या पेशी त्यांच्या स्वतःच्या नव्हत्या, दुसऱ्या कोणाच्या तरी होत्या. आधी चालणारी बाजूही त्यांनी बरीचशी गमावली.

*‘विज्ञान पुढे जाते, उद्या यश येईल.’* येऊ शकते, आणि ते यावे. माझा विरोध संशोधनाला नाही, दुकानाला आहे. दोन्ही ओळखायची खूण सोपी आहे : पैसे कोण भरतो ते पाहा. खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्ण भरत नाही. नीतिसमितीची मंजुरी असते, नोंदणी क्रमांक असतो, आणि तुम्ही तुलनेच्या गटातही जाऊ शकता असे आधीच सांगितले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या काही आजारांतले प्रत्यारोपण सोडून, मान्य चाचणीबाहेर स्टेम सेल देणे अनैतिक ठरवले आहे. नियम कागदावर आहे. तो मोडणाऱ्याला हात लावायची हिंमत यंत्रणेत किती, हा निराळा विषय.

*‘गावातली बाई न्यूरॉलॉजिस्टचे काम करणार?’* हा आक्षेप गडचिरोलीने एकदा ऐकलेला आहे. नव्वदच्या दशकात ‘सर्च’ने ३९ गावांतल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले, तेव्हा अनेक डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. २०११ पासून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा देशभरातल्या आशाताईंच्या कामाचा भाग आहे. त्या मानाने दंडाला पट्टा बांधून आकडा वाचणे आणि ठरलेली गोळी देणे फारच सोपे.

*‘तुमच्या व्यायामाला आणि घरच्या काळजीला तरी पुरावा आहे का?’* हा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे. भारतात १४ केंद्रांत, १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत रुग्णालयातच कुटुंबीयांना व्यायाम शिकवून घरी पाठवले गेले. २०१७ च्या निकालात सहा महिन्यांनी त्याचा काहीही जास्तीचा फायदा दिसला नाही. ज्या फूटपट्टीने पेशी मोजल्या तीच इथे लावायची, म्हणून हेही मान्य करायला हवे. घरच्यांना चार दिवस शिकवले म्हणजे फिजिओथेरपिस्टची गरज भागली, अशी सरकारला परवडणारी पळवाट या चाचणीने बंद केली. भरवण्याआधी गिळता येते का ते पाहणे, कूस बदलणे, लघवीची नळी स्वच्छ ठेवणे, दुसऱ्या झटक्याआधी बीपीची गोळी सुरू करणे ही साधी शुश्रूषा त्यामुळे रद्द होत नाही. महिनाभर तगून नंतर गेलेल्या त्या निम्म्याहून अधिक माणसांसाठी तीच महत्त्वाची होती.

जिथे स्टेम सेल खरोखर हव्यात

आता उरलेली बाजू. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल घराघरांत माहीत आहे. गोंड, माडिया, प्रधान, बौद्ध अशा अनेक समाजांत तो पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. सिकलसेलच्या रुग्णाची लाल पेशी विळ्यासारखी वाकते, रक्तवाहिनी तुंबते, आणि काही मुलांमध्ये ती रक्तवाहिनी मेंदूची असते. म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोराला लकवा. भारतातल्या सिकलसेलमध्ये हे आफ्रिकी वंशाच्या मुलांपेक्षा कमी आढळते, पण विदर्भातला आजार सौम्य आहे असे समजण्यात अर्थ नाही.

या आजारात स्टेम सेल प्रत्यारोपण हा प्रयोग राहिलेला नाही. जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा मिळाली तर मूळ रोगच बरा होतो आणि पुढचे लकवे टळतात. वर सांगितलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी अपवाद केला आहे तो अशाच उपचारांचा. अडचण अशी, की भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, खर्च लाखांत, आणि हे करणारी केंद्रे दूर. कोल इंडियाने २०१७ पासून थॅलॅसेमियाच्या मुलांच्या अशा प्रत्यारोपणाला दहा लाखांपर्यंत मदत देणारी योजना चालवली आहे. वेकोलि ही कोल इंडियाचीच उपकंपनी, आणि तिच्या खाणी चंद्रपूर-बल्लारपूर-वणीच्या पट्ट्यात आहेत. कोळशाच्या पैशातून मुलांची रक्तनिर्मिती बदलता येते हे दिसले आहे. चंद्रपूरच्या सिकलसेलच्या किती मुलांना असा पैसा मिळाला, हा आकडा मागण्याचा हक्क चंद्रपूरला आहे.

आणि इथेही, प्रत्यारोपणाच्या आधीची साधी पायरी आहेच. कवटीबाहेरून, कानशिलावर यंत्र टेकवून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजता येतो. सुई नाही, भूल नाही, रेडिएशन नाही. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेलेल्या मुलांना लकव्याचा धोका मोठा असतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॉप’ चाचणीत अशा १३० मुलांपैकी ज्यांना नियमित रक्त दिले त्यांच्यातले लकवे ९२ टक्क्यांनी घटले. पुढे हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीनेही हा धोका आवरता येतो असे दिसले, आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी तर कमी मात्रेतल्या या गोळीचा फायदा विदर्भाच्याच मुलांत दाखवला आहे.

रक्ताच्या अशा आनुवंशिक आजारांसाठी आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे खास केंद्र चंद्रपुरात आहे. त्याचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, आणि तिच्या शिबिरांत मुलांची सिकलसेलची रंगीत कार्डे तयार होत आहेत. ‘स्टेम सेल आपल्याकडे कधी येणार’ असे विचारणाऱ्यांनी पुढच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत तीन गोष्टी लेखी मागाव्यात : दोन्ही जिल्ह्यांत दोन ते सोळा वयाची सिकलसेलग्रस्त मुले किती, त्यांपैकी किती जणांच्या मेंदूच्या रक्तप्रवाहाची तपासणी गेल्या वर्षभरात झाली, आणि गेल्या मिरचीच्या हंगामात किती उपकेंद्रांत ॲम्लोडिपिन संपले होते.